ब्रॉडनॅक्स लंगडला तेव्हा

पुन्हा गाय आपण होणार नाही, हे गॉर्डी वॉल्टमनने जूनमध्येच ठरवून टाकलं होतं. नुसतं ठरवलं नव्हतं, तर बायकोला, शेजाऱ्याला आणि बस डेपोतल्या मेकॅनिकलासुद्धा ठणकावून सांगितलं होतं. यंदा लीग मी जिंकतो की नाही ते बघाच!

ही लीग त्याच्या सासरची. दर ऑगस्टला सासरचे दहा जण सासूबाईंच्या गॅरेजात घडीच्या खुर्च्या टाकून बसतात आणि देशभरातले अमेरिकन फुटबॉल खेळणारे फुटबॉलपटू, नुसते कागदावर, आपापसात वाटून घेतात. फुटबॉलपटूंना बिचाऱ्यांना याचा पत्ता नसतो. ते आपले मैदानावर धावतात, आणि जेवढे यार्ड धावतील तेवढे गुण इकडे विस्कॉन्सिनमध्ये गॉर्डीला नाहीतर त्याच्या मेहुण्याला मिळतात. ख्रिसमसपर्यंत हा उद्योग चालतो. पहिल्या येणाऱ्याला काही मिळत नाही. शेवटी येणाऱ्याला मात्र जूनमधल्या दूध महोत्सवाच्या मिरवणुकीत गायीचा पोशाख घालून, आचळांसकट, अख्ख्या मेन स्ट्रीटवरून चालावं लागतं.

गॉर्डी लागोपाठ दोन वर्षं चालला होता. त्यात तो शाळेची बस चालवतो. सकाळी बसचं दार उघडलं की पहिलीतली कार्टीसुद्धा पायरीवर थांबून हंबरायची आणि मगच आत शिरायची. एकदा तर मुख्याध्यापिकाबाईंनी बैठकीत त्याच्यापुढे दुधाचा पेला केला आणि वर "हे घरचंच" म्हणाल्या. सत्तेचाळीस वर्षांच्या, दोन मुलींच्या बापाने किती सहन करायचं? आणि सासूबाईंचा नियम असा, की लागोपाठ तिसऱ्यांदा जो शेवटी येईल त्याला तो पोशाख कायमचा. पुढे तो लीगमध्ये कितवाही येवो, मरेपर्यंत मिरवणुकीतली गाय तोच.

म्हणून गॉर्डीने सबंध उन्हाळा अभ्यास केला. मुलींच्या परीक्षेला केला नव्हता एवढा केला. कोण किती धावला, कोणाचा गुडघा कधी दुखला, कोणाचं लग्न मोडलं, सगळं त्याने वहीत उतरवलं. गेल्या वर्षी शेवटचा, म्हणून यंदा निवडीचा पहिला मान त्याचा. त्याने खुर्चीवरून उठून, घसा साफ करून नाव घेतलं, टायरेल ब्रॉडनॅक्स. रनिंग बॅक. चेंडू छातीशी धरून धावायला लागला की चार जण अंगावर घेऊन पुढे जाणारा गडी. मागोमाग त्याच्या मेहुण्याने, लाइलने, डिऑन मॅब्रीला उचललं. तोही रनिंग बॅक, तोही चांगला, पण ब्रॉडनॅक्सच्या एक पायरी खाली. गॉर्डी त्या दिवशी घरी आला तो शीळ घालत.

आणि सहा दिवसांनी, शनिवारी दुपारी, सराव सामन्यात ब्रॉडनॅक्स लंगडत बाहेर गेला.

सराव सामन्यात! ज्या सामन्याचे गुण कोणी धरत नाही, जो हरला काय नि जिंकला काय कोणाला फरक पडत नाही, प्रेक्षक ज्याला उन्हात टोपी घालून डुलक्या काढायला येतात, त्या सामन्यात! गॉर्डी सोफ्यावरून ताडकन उठला. हातातलं सँडविच गालिच्यावर पडलं. असल्या फालतू सामन्यात एवढ्या मोलाच्या माणसाला उतरवणारा प्रशिक्षक कोण, त्याला कोणी नेमलं आणि त्याच्या घरी आईबाप आहेत की नाहीत, हे प्रश्न त्याने टीव्हीला विचारले. टीव्हीवर ब्रॉडनॅक्स मांडी धरून बाकावर बसला होता आणि दोन माणसं त्याच्याभोवती ओणवी झाली होती. गॉर्डीने पाहिलं तेवढं पुरे झालं. त्याच्या डोळ्यांसमोर आचळं लोंबू लागली.

आता उपाय एकच. बातमी पसरायच्या आत ब्रॉडनॅक्स कोणाच्या तरी गळ्यात बांधायचा.

पण सासूबाईंच्या लीगमध्ये अदलाबदल फोनवर चालत नाही. फार वर्षांपूर्वी एका चुलत मेहुण्याने फोनवर हो म्हणून दुसऱ्या दिवशी कानांवर हात ठेवले होते. तेव्हापासून नियम झाला की समोरासमोर उभं राहायचं, हातात हात द्यायचा आणि रविवारी दोघांनी येऊन सासूबाईंच्या वहीत नोंदवायचं. एकदा हात दिला की दिला, मग आभाळ कोसळलं तरी माघार नाही. शिवाय सासूबाई, म्हणजे आर्डिस फेफर्ली, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, एकेचाळीस वर्षं तिसरीच्या वर्गाला शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्यापुढे माघार घेण्याची कोणाची छाती होती?

आणि गावात प्रत्येकाच्या खिशात फोन, प्रत्येकाच्या घरात टीव्ही. बातमी ऐकली नसेल असा माणूस एकच होता. लाइल! लाइल वर उत्तरेला, तळ्याकाठच्या केबिनवर सुट्टीला गेलेला. तिथे फोन लागत नाही, टीव्ही नाही, रेडिओवर नुसती खरखर. तीन तासांचा रस्ता. गॉर्डीने बायकोला, मार्नीला, सांगितलं की लाइलच्या होडीच्या धक्क्याच्या फळ्या कुजल्यात, जरा हात लावून येतो. मार्नीने त्याच्याकडे पाहिलं. गेली चार वर्षं लाइल धक्क्यासाठी विनवत होता आणि गॉर्डीची कंबर दुखत होती.

वाटेत त्याने रेडिओ लावलाच नाही. गॉर्डीला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. ब्रॉडनॅक्सचं हाड मोडलंय असं पक्कं कळलं असतं तर लाइलच्या समोर कान पेटलेच असते. त्यापेक्षा काही न ऐकलेलं बरं. लंगडताना आपण पाहिलं, एवढंच आपल्याला ठाऊक. मग ते खोटं कसं? असा विचार करत करत त्याने तीन तासांचा रस्ता अडीच तासांत कापला.

केबिनच्या अंगणात शिरला तर लाइल ट्रकचं इंजिन चालू करून बसलेला. गॉर्डीला बघून त्याने इंजिन बंद केलं, खाली उडी मारली आणि गॉर्डीला मिठी मारली. वीस वर्षांत लाइलने त्याला मिठी मारल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

बर्फ आणायला निघालो होतो, असं लाइल म्हणाला. मग बर्फाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. गॉर्डीला त्याने चांगली, न डुगडुगणारी खुर्ची दिली. थंड बिअर दिली. सकाळी धरलेला वॉलआय मासा तुझ्यासाठीच ठेवलाय, दाजी, असंही सांगितलं. गॉर्डीला मनातून जरा वाईट वाटलं. एवढा भाबडा माणूस, आणि आपण त्याला फसवायला आलो! पण मग त्याला बसमधली पोरं आठवली, आणि वाईट वाटायचं थांबलं.

आल्या आल्या विषय काढणं बरं दिसलं नसतं. म्हणून त्याने खरोखरच हातोडा उचलला. दीड तास दोघं मांडीभर गार पाण्यात उभे राहून कुजक्या फळ्या उपटत होते. डास चावत होते, कानसुद्धा चावून चावून लाल झाले होते. गॉर्डीची कंबर आता खरोखर दुखायला लागली. लाइल मधूनच त्याच्याकडे बघून गोड हसत होता.

तेवढ्यात शेजारच्या केबिनमधला म्हातारा वेंडेल आपली होडी वल्हवत आला. वीस हातांवरून त्याने हाक मारली, "काय रे, ऐकलंत का? तो रनिंग बॅक आज..."

गॉर्डीने जिवाच्या आकांताने फळीवर हातोडा हाणायला सुरुवात केली. नेमक्या त्याच क्षणी लाइलने आपल्या होडीच्या मोटरची दोरी खस्सकन ओढली. मोटर अशी गरजली की तळ्यावरची बदकं उडाली. वेंडेल बराच वेळ तोंड हलवत होता. मग त्याने हात हलवला आणि तो निघून गेला.

काय नशीब, गॉर्डीच्या मनात आलं. या मूर्खाला मोटर बघायची नेमकी आत्ताच बुद्धी झाली!

आता उशीर करण्यात अर्थ नव्हता. बाहेर येऊन, पाय पुसता पुसता, त्याने सहज विषय काढला. मार्नीला तो मॅब्री फार आवडतो. त्याने आपल्या आजीला घर बांधून दिलं, ते तिने कुठेतरी वाचलं. तेव्हापासून घरात उठता बसता मॅब्री, मॅब्री. घरात शांतता हवी म्हणून म्हणतो, नाहीतर मी कुठला ब्रॉडनॅक्सला सोडायला.

लाइल विचारात पडला. बिअरचा एक घोट होईपर्यंत विचारात पडला. मग म्हणाला की बहिणीसाठी माणूस काय करत नाही.

"ब्रॉडनॅक्स बरा आहे ना पण?" लाइलने विचारलं.

गॉर्डीने हातावरचा डास मारला आणि त्या मेलेल्या डासाकडे बघत तो म्हणाला, "ठणठणीत. त्याला काय धाड भरलीय? आणि मॅब्री?"

"एकदम फिट," लाइल तळ्याकडे बघत म्हणाला.

त्यांनी हातात हात दिला. दोघांनीही तो नको इतका वेळ हलवला. गॉर्डी घरी आला तो दमून, डासांनी फुलून, पण सुखात. मार्नी रुग्णालयात रात्रपाळीला गेली होती. त्याने टीव्ही लावला नाही, फोन बघितला नाही. आंघोळ करून तो असा झोपला, तसा गेल्या दोन वर्षांत झोपला नव्हता.

रविवारी चर्चनंतर सगळे सासूबाईंकडे जेवायला. लाइलही पहाटे निघून आलेला. आत चिकन भाजत होतं, आणि दोघं शेजारी शेजारी सोफ्यावर बसून टीव्ही बघत होते. गॉर्डी मनाची तयारी करून बसला होता. ब्रॉडनॅक्सची बातमी लागली की आपण "अरेरे" म्हणायचं आणि मेहुण्याच्या पाठीवर हात ठेवायचा. त्याने हात जवळजवळ उचलूनच ठेवला होता.

आधी बातमी आली मॅब्रीची. काल दुपारच्या सराव सामन्यात पावलाचं हाड मोडलं. पायाला गुडघ्यापर्यंत पट्टा, काखेत कुबड्या. या मोसमात खेळणार नाही.

गॉर्डीचा हात तिथेच राहिला. त्याने लाइलकडे पाहिलं. लाइल गालिच्यावरची नक्षी बघत एकेक कबूल करू लागला. काल दुपारी तो गळाचे किडे आणायला आमिषाच्या दुकानात गेला होता, आणि तिथे टीव्ही होता! मॅब्री पडताना त्याने पाहिला, आणि गॉर्डीच्या गळ्यात बांधायला तो ट्रक काढून गावाकडेच निघाला होता! बर्फ म्हणे!

गॉर्डी तोंड उघडणार, तोच पडद्यावर ब्रॉडनॅक्स आला. हसत होता. मांडीत गोळा आला होता, बस्स. उन्हाने येतो. काकडीच्या लोणच्याचं खारट पाणी प्यायला दिलं आणि दहा मिनिटांत उतरला. परत मैदानात सोडा म्हणून तो प्रशिक्षकाच्या मागे लागला होता. आज सकाळी सरावात सगळ्यांच्या पुढे धावला.

लाइलने नक्षी बघणं सोडलं आणि हळूहळू त्याचा चेहरा उजळत गेला.

गॉर्डी जो उठला तो थेट स्वयंपाकघरात. मार्नी बटाटे कुस्करत होती, सासूबाई टेबलापाशी वही उघडून बसल्या होत्या. संतापाने त्याला नीट बोलता येईना. आपल्या घरात, आपल्या नात्यागोत्यात असा विश्वासघात! मी त्याच्यासाठी पाण्यात उभा राहून फळ्या ठोकतो, डासांना रक्त पाजतो, आणि हा माझ्या तोंडावर सांगतो की मॅब्री फिट आहे? माणसाने माणसावर विश्वास ठेवायचा की नाही? बहिणीच्या नवऱ्याला बुडवताना याला लाज कशी वाटली नाही? अदलाबदल रद्द करा आणि या माणसाला लीगमधून काढा!

लाइल दारात येऊन उभा राहिला. सासूबाईंनी चष्मा नाकावर खाली घेतला.

"गॉर्डी, तू काल तिथे कशाला गेला होतास?"

"धक्क्याच्या फळ्या..." गॉर्डी म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

मार्नी बटाटे कुस्करायची थांबली. मग सासूबाईंनी सावकाश, तिसरीतल्या मुलाला विचारावं तसं, एकेक विचारलं. टीव्हीवर काय पाहिलंस? किती वाजता निघालास? रेडिओ का नाही लावलास? गॉर्डीने एकेक सांगितलं, दुसरा मार्गच नव्हता. शेवटी त्यांनी विचारलं, की लाइलने ब्रॉडनॅक्सबद्दल विचारल्यावर तू काय म्हणालास.

आणि इथे गॉर्डीला एकदम धीर आला. छाती काढून तो म्हणाला, "ठणठणीत आहे म्हणालो! आणि आहे की नाही ठणठणीत? बघा टीव्हीवर! तो खोटं बोलला, मी खरं बोललो. या सगळ्यात खरं बोललेला माणूस मी एकटाच आहे!"

सासूबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"बोललास खरं," त्या म्हणाल्या. "पण चुकून."

आणि ब्रॉडनॅक्स त्यांनी शाईने लाइलच्या पानावर लिहिला.