दोन बोटं कमी

आमच्या महाडच्या वाचनालयात पुस्तक मागायला आलेल्या माणसाला शिपाई धाकूदा आधी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं करी. "चपला काढा. टाचा टेकवा. नजर समोर!" मग तळहात आडवा करून डोक्यावर ठेवायचा, चौकटीवर कोरलेली खाच बघायचा आणि निकाल द्यायचा, "पास!" किंवा "नापास!" त्यानंतर पुस्तक.

ती खाच पलटणीची, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या महायुद्धात याच इमारतीत भरतीची कचेरी होती. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतली, पाचाडकडची पोरं डोंगर उतरून इथे यायची. गोरा साहेब छाती मोजायचा, हवालदार उंची. "हितून पास झाला तो बोटीत बसला," धाकूदा सांगे, जणू स्वतः धक्क्यापर्यंत सोडून आला होता. प्रत्यक्षात तेव्हा तो आईच्या पोटात होता.

एकदा तपासणीला आलेल्या अधिकारी बाईंनाही त्याने उभं केलं. मी घाबरून मध्ये पडलो. तो शांतपणे म्हणाला, "बाय, तवा बायकांना घेत नव्हते. नुकसान पलटणीचंच झालं. पास!" बाई इतक्या खूश झाल्या की तपासणी चहावरच उरकली.

मी वाचनालयाचा चिटणीस, शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक. आणि नापास.

"गुर्जी, दोन बोटं कमी!" हे तो रोज, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांदेखत, मोठ्याने सांगे. वर माझ्या डोक्यावर हात जरा जास्तच वेळ ठेवी. मग स्वतः जाऊन माझ्यासाठी चहा आणी. पास झालेल्यांना चहा नसे. मला वाटे, हा जखमेवर मीठ चोळतो आणि वर साखर भुरभुरतो. पहिल्या खाचेच्या दोन बोटं खाली आणखी एक बारीक खाच होती. माझं डोकं नेमकं तिला लागे. ती कशाची, हे मी कधी विचारलं नाही.

आता जे लिहायला बसलो आहे ते लिहितो.

सावित्रीचं पाणी वाचनालयात शिरलं त्या वर्षी ती चौकट फुगली. धाकूदा रस्ता बंद झाल्यामुळे वर डोंगरात आपल्या गावी अडकला होता. सुतार म्हणाला, "साग हाय, वाळला की परत बसंल. या खाचा जुन्या दिसतात. ठेवायच्या ना?"

मी म्हणालो, "नवी बसव."

जुनी चौकट कुणाच्या तरी बंबात गेली. तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. वाचनालयाच्या स्मरणिकेत इमारतीचा इतिहास मीच लिहिला आणि त्यात ठरवून एक वाक्य घातलं: 'युद्धकाळात येथे भरतीची कचेरी असल्याचा कोणताही पुरावा आढळत नाही.' पुरावा मीच जाळायला दिला होता. वाक्य मात्र शुद्ध होतं.

रस्ता सुरू झाल्यावर धाकूदा पहिल्या एसटीने आला. नव्या, गुळगुळीत चौकटीवरून त्याने हात वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला.

"लाकूड कुजलं होतं रे," मी म्हणालो.

"वरची गेली तर जाऊ दे, गुर्जी. ती सरकारची. खालची बापसाची हुती."

बाप दोन बोटं कमी पडला होता. म्हणून टाचा उचलून उभा राहिला. हवालदाराने खांदे दाबून टाचा टेकवल्या, चाकूने त्याची खरी उंची चौकटीवर कोरली, हसला आणि तरीही घेतला. माणसं कमी पडत होती. तो परत आला नाही. फोटो नाही, कपडा नाही. धाकूदा लहान असताना आईने त्याला इथे आणून ती खाच दाखवली होती: "येवढा हुता तुझा बापूस."

"नवी खाच घालून घेऊ," मी म्हणालो.

"खोटी कशाला? तुम्ही जरा हुबे ऱ्हा. तुम्ही हाव तवर माप हाय." आणि त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

चौकट मीच काढायला लावली, हे तेव्हाही मी सांगितलं नाही. पुढे त्याने स्मरणिका वाचली. बोट ठेवून, दोनदा. म्हणाला, "गुर्जींनी लिवलंय म्हंजे तपासूनच लिवलंय. मंग आमची आयच खोटं बोलली आसंल." त्या दिवसापासून त्याने येणाऱ्यांना कचेरीची गोष्ट सांगणं बंद केलं. माझ्या डोक्यावर हात ठेवणं तेवढं सोडलं नाही.

धाकूदाची आई खरं बोलत होती. दोन्ही खाचा मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत आणि मीच काढायला लावल्या. स्मरणिकेच्या नव्या अंकात हे छापून येईल.

काल हे सगळं मी त्याला वाचून दाखवलं. तो उठून चौकटीपाशी गेला. मग म्हणाला, "चपला काढा."

मी उभा राहिलो. वयाने मी आता खचलो आहे, पाठ वाकली आहे. त्याच्या बापाचं माप चुकू नये म्हणून अलीकडे मी गुपचूप टाचा उचलतो. कालही उचलल्या.

त्याने दोन्ही हातांनी माझे खांदे दाबले.

"टाचा टेकवा, गुर्जी."

मग डोक्यावर तळहात ठेवला. निकाल सांगितला नाही. चहा आणायला गेला.