खरं बोलणारी पेटी

यशवंतनानांनी एस.टी.त आपल्या टेपरेकॉर्डरला खिडकीशेजारची जागा दिली आणि बेलापूरपासून नगरपर्यंत स्वतः उभे राहिले. वाकळीत गुंडाळलेल्या त्या जड यंत्राकडे बघून कंडक्टरने विचारलं, "आजारी हाय का कोन?"

"न्हाई," नाना म्हणाले, "झोपलाय. हळू चालवाया सांगा."

नाना आमचे शेजारी. लग्नाकार्याला कर्णे भाड्याने देणं हा त्यांचा धंदा, आणि भजनी मंडळाचं गाणं टेपवर घेणं हा नाद. मंडळ मागच्या खोलीत गायचं. नाना पुढच्या खोलीत स्पीकरच्या पेटीसमोर बसून बटणं फिरवायचे. मृदंग किती, झांज किती, बुवांचा आवाज किती, ते तिथे ठरायचं. अलीकडे पेटीतून झांज येईना. उंदरांनी आतला कागद कुरतडला, असं नाना म्हणत. म्हणून नवी पेटी घ्यायला आम्ही निघालो होतो. मी कॉलेजात शिकतो तेव्हा मला त्यातलं कळत असणार, असा त्यांचा समज होता. मला काहीच कळत नव्हतं, पण तसं सांगायचा धीर झाला नाही.

"गोड बोलनारी पेटी नको," नाना नेहमी सांगायचे. "खरं बोलनारी पायजे. बुवा बेसूर झाला तर पेटीनं चुगली केली पायजे." त्या चुगलीपायी बुवा दोनदा रुसून निघून गेले होते.

माणसंही ते तशीच पारखत. सरपंचांविषयी म्हणत, "नुसता खर्ज. आत काय न्हाई." माझ्याविषयी म्हणत, "आवाज लई बारीक, पन खरा हाय." घरातही माझं इतकं कौतुक कोणी केलं नव्हतं.

आदल्या वर्षीच्या दुष्काळात लग्नं थांबली, कर्णे माळ्यावर गेले आणि नाना दुष्काळी कामावर खडी वाहायला गेले. त्या दिवसांविषयी ते कधी बोलत नसत.

दुकानात त्यांनी आपलीच टेप लावली. पहिली पेटी ऐकून म्हणाले, "हिनं झांज खाल्ली." दुसरी ऐकून, "हिनं बी."

तिसऱ्या पेटीला दुकानदार वैतागला. "अहो पाव्हणं, झांज म्हंजी काय भाकरी हाय का, समद्यांनी खायाला?"

मी हसलो, आणि हसता हसता थांबलो. तिन्ही पेट्यांतून झांज स्वच्छ वाजत होती.

नाना माझ्याकडे वळले. "तू सांग. हाय का झांज?"

मी म्हणालो, "नाही, नाना. मलाही नाही ऐकू येत."

त्यांची नजर खाली गेली. काउंटरवर माझं बोट झांजेच्या ठेक्यावर हलत होतं. ते मला उमगेपर्यंत उशीर झाला होता.

"हीच द्या," नाना दुकानदाराला म्हणाले.

परतताना ते पेटी मांडीवर घेऊन बसले. राहुरी मागे पडली तेव्हा बोलले, "खडीच्या कामावर सुरुंग उडायचा तवा समदे कान दाबायचे. त्या दिशी माज्या डोक्यावर पाटी हुती. दोनी हात गुतल्याले."

मी पेटीला एका बाजूने हात दिला.

"कुनाला बोलू नगं," ते म्हणाले. "आन गोड बोलू नगं. तुला जमत न्हाई."

त्या शनिवारी मंडळ मागच्या खोलीत बसलं. नानांनी मला नव्या पेटीसमोर बसवलं. "झांज हाय तवर बोट वर. लई झाली तर अजून वर." ते माझ्या बोटाकडे बघत बटण फिरवू लागले. मी आयुष्यात इतकं नीट कधी ऐकलं नव्हतं.

अभंग संपला. मृदंग थांबला. शेवटच्या झांजेचा नाद तेवढा मागे राहिला होता. माझं बोट वर होतं. ते खाली येईपर्यंत नानांनी टेप बंद केली नाही.