अर्ध्या पोपटाची उंची

शेट्ये सर कॉम्प्युटरला आधी पुस्तक वाचून दाखवायचे आणि मगच तो सुरू करायचे. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. नवीन फ्लॉपी आली की तिच्याबरोबरचं माहितीपुस्तक हातात घेऊन ते यंत्रासमोर उभे राहत आणि पहिल्या पानापासून खणखणीत आवाजात वाचायला लागत. एक ओळ गाळायची नाही. इंग्रजी माहितीपुस्तकांत एखादं पान असं असतं की ज्यावर 'हे पान मुद्दाम कोरे ठेवले आहे' एवढंच छापलेलं असतं. शेट्ये तेही वाचत. मग चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघत आणि म्हणत, "कोरं कुठे आहे ओ, लिमये? लिहिलंय की त्यावर."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजूनही कोरं पान दिसलं की मला दमल्यासारखं होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. रत्नागिरीतल्या आमच्या लहानशा तंत्रशिक्षण संस्थेत एक कॉम्प्युटर आला. मी गणिताचा मास्तर, म्हणून तो माझ्या गळ्यात मारला. शेट्ये ड्रॉइंग शिकवायचे आणि त्यांचे तास कमी होते, म्हणून तेही माझ्याच गळ्यात मारले. दोघांपैकी कोणी जास्त छळलं हे मला आजही ठरवता येत नाही. यंत्र निदान वीज गेली की गप्प बसायचं.

शेट्ये मूळचे लांज्याकडचे. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, शहरात मोठ्या बहिणीबरोबर राहायचे. छत्री बारा महिने हातात. फ्लॉप्या ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे आणि डब्याच्या तळाशी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी असायची. पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे फ्लॉपीचं काय. हा एक प्रकार मात्र मला मान्य होता, कारण माझ्या फ्लॉप्या बुरसल्या आणि त्यांच्या शेवटपर्यंत ठणठणीत राहिल्या.

त्यांची आणखी एक खोड होती. यंत्र विचार करत बसलं, चहा यायला उशीर झाला, पोरं पेपर सोडवत बसली, की हे तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागायचे, "चार सोडा, दोन भरा. तीन सोडा, एक भरा." मला आधी वाटलं प्राणायाम असेल. मग वाटलं रक्तदाबाच्या गोळ्यांचा हिशेब असेल. विचारायचं मी टाळलं. शेट्यांना काही विचारलं की उत्तर ऐकायला बसावं लागतं, आणि माझ्यात तेवढं त्राण नव्हतं.

अशात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मुंबईहून एक फ्लॉपी पाठवली. तिच्यात चित्रं दाखवायची लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आधीच लिहून ठेवलेले प्रोग्रॅमचे तयार तुकडे. आपण आपल्या प्रोग्रॅममध्ये त्यांना नावाने हाक मारायची, की ते येऊन काम करून जातात. ही लायब्ररी अगदी साध्या चित्रांची होती. फाइलच्या पहिल्या ओळीत चित्राची रुंदी आणि उंची लिहायची. खाली नुसते शून्य आणि एक. शून्य म्हणजे रिकामी जागा, एक म्हणजे ठिपका. बस्स.

मी मनात म्हटलं, चला, एका दुपारचं काम. शेट्ये समोर उभे आहेत हे मी विसरलो होतो.

फ्लॉपीच्या पाकिटावर छापलं होतं की पाकीट उघडलंत म्हणजे आतल्या अटी तुम्हाला कबूल आहेत. शेट्ये तिथेच अडले. अटी पाकिटाच्या आत, आणि पाकीट उघडायचं तर अटी आधीच कबूल पाहिजेत. त्यांनी पाकीट खिडकीच्या उजेडात धरून बघितलं, कानाशी नेऊन हलवून बघितलं. वाचल्याशिवाय कबूल कसं व्हायचं, हा त्यांचा प्रश्न होता. बरेच दिवस ते पाकीट तसंच टेबलावर पडून राहिलं. शेवटी एका दुपारी मीच ते फाडलं. त्यानंतर काहीही बिघडलं, अगदी कॉम्प्युटरच्या खोलीतला एसी घरघरायला लागला तरी, शेट्ये शांतपणे म्हणायचे, "कबूल तुम्ही झालायत."

मग वाचन झालं. मग मूळ फ्लॉपीची प्रत काढली, प्रतीची प्रत काढली, मूळ फ्लॉपी तांदळात ठेवली. आमच्या यंत्राला दोन फ्लॉप्यांच्या फटी होत्या आणि आत साठवायला काही नव्हतं, त्यामुळे ते दर थोड्या वेळाने पहिली फ्लॉपी काढा, दुसरी घाला, पुन्हा पहिली घाला असं सांगत बसायचं. मधेच वीज जायची आणि सगळं पहिल्यापासून. लायब्ररी सापडत नाही असंही ते अधूनमधून म्हणायचं, आणि ती तर माझ्या डोळ्यांसमोर फ्लॉपीत होती. मी वैतागून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहायचो. आत शेट्ये त्याला तेच पान पुन्हा वाचून दाखवत असायचे.

एकदाची लायब्ररी जागेवर बसली. आता चित्र हवं. मी म्हटलं, एखादा चौकोन काढू, त्रिकोण काढू, झालं. शेट्यांनी पिशवीतून आलेखाच्या कागदांची गुंडाळी काढली. घरं पेन्सिलीने भरलेली, एकेक काटेकोर.

"काय आहे हे?"

"पोपट."

पोपटच का, असं विचारल्यावर ते म्हणाले की आपला पडदा हिरवाच तर दाखवतो. मला हे पटलं, आणि तिथेच माझं चुकलं. त्यानंतर रोज माझं डोकं खायला लागले. पोपट लवकर दिसला पाहिजे, वेळ कमी आहे. परीक्षा लांब होत्या, तपासणी नव्हती, पोपटाला कुठे जायचं होतं कोण जाणे. पण हा माणूस, जो पाकीट उघडायला महिना घालवतो, तो पोपटासाठी जेवणाची सुट्टीसुद्धा सोडून टायपिंग करत बसायला लागला. आणि टायपिंग असं, की एक ठिपका इकडचा तिकडे नाही. चुकणं त्यांना जमतच नव्हतं.

तरी पोपट पडद्यावर आला तो चिंध्या होऊन. एक ओळ डावीकडे, तिच्या खालची उजवीकडे, जणू कोणी विळीवर बारीक चिरून परातीत टाकलाय. मी लायब्ररीला शिव्या घातल्या, पाठवणाऱ्याला घातल्या, सगळा प्रोग्रॅम पुन्हा तपासला. काही सापडेना. शेवटी शेट्ये टाइप करताना मी खुर्ची ओढून शेजारी बसलो आणि बघत राहिलो. पहिली ओळ त्यांनी डावीकडून उजवीकडे वाचली. दुसरी उजवीकडून डावीकडे. तिसरी पुन्हा डावीकडून.

मी विचारलं, हे काय चाललंय. लायब्ररी तर प्रत्येक ओळ डावीकडूनच वाचते.

"ती जातानाची ओळ, ही येतानाची," ते म्हणाले. "दर ओळीला दोरा तोडून पुन्हा पहिल्या टोकापासून कोण सुरू करतं ओ?"

"कुठला दोरा?"

 दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं माझ्यासमोर ठेवलं. आत दुसुतीचा तुकडा होता. त्या काळी घरोघरी भिंतीवर चौकटीत असायचे तसा, घरं मोजून टाके घालत भरलेला पोपट. वरून खाली भरत आणलेला. लाल चोच, मान, पंख, पोट आणि मग नुसतं कापड. पाय नाहीत, शेपूट नाही, बसायला फांदी नाही. शेवटच्या टाक्याजवळ सुई तशीच टोचलेली आणि तिच्यात हिरवा दोरा.

"आक्काचा आहे," शेट्ये म्हणाले आणि पुडकं परत बांधलं.

त्यांनी सगळं परत टाइप करायची तयारी दाखवली, पण ते बघायची माझी तयारी नव्हती. मी प्रोग्रॅममध्येच एकाआड एक ओळ उलटी करायची सोय केली. तर आता यंत्र म्हणायला लागलं की ठिपके कमी पडतात. बरोबरच होतं. शेट्यांनी पहिल्या ओळीत अख्ख्या पोपटाची उंची लिहिली होती आणि फाइलमध्ये पोपट अर्धाच. मी म्हटलं, उरलेल्या जागी शून्यं भरा आणि मला मोकळं करा.

"शून्यं नाय भरायची."

"अहो, शून्य म्हणजे रिकामं. कापडावर काय आहे तिथे? काही नाही."

"ते रिकामं नाय, लिमये. राहिलेलं आहे."

मला खरंच राग आला. इतक्या दिवसांचा साठलेला सगळा बाहेर आला. म्हटलं, तुमचा तो पोपट घरी न्या, तुमच्या आक्कांना सांगा पुरा करून द्या, मग आणा.  शेट्ये चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसत राहिले. मग खाली बघत सांगायला लागले.

आई गेली तेव्हा शेट्ये अगदी लहान होते. आक्काने वाढवलंन, शिकवलंन, स्वतःचं लग्न राहून गेलं. भरतकामात तिचा हात असा की आळीतल्या मुली शिकायला यायच्या. ती ओटीवर बसून नमुना तोंडाने सांगायची, चार सोडा, दोन भरा, आणि मुली खाली मान घालून भरायच्या. शेट्ये तिथेच पाटीवर गणितं सोडवत बसायचे. आता तिला काचबिंदू होता. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर येणार नाही, आणि आहे तीही किती दिवस राहील सांगता येत नाही. दुसुतीची घरं दिसेनाशी झाली त्या दिवशी तिने सुई टोचून ठेवलीन, ती तशीच होती.

"अंधारात उजेड तेवढा दिसतो तिला. आपला पडदा बघितला तेव्हा मनात आलं, ह्यावर दिसेल कदाचित." मग थांबून म्हणाले, "विचारून उपयोग नाय ओ. काय विचारलं तरी दिसतं रे, म्हणते. मला बरं वाटावं म्हणून."

 मला वाईट वाटत होतं आणि दमल्यासारखंही झालं होतं. मग सुचलं ते सांगितलं. शून्यं नकोत तर नकोत, पहिल्या ओळीतली उंचीच कमी लिहू. आहे तेवढ्या ओळींची. यंत्राला काय, त्याला वाटेल एवढाच पोपट.

शेट्यांनी ते मनात घोळवलं. "म्हणजे अर्धा नाय. सध्या एवढाच उंच," असं म्हणाले आणि लगेच टाइप करायला बसले. लायब्ररीत ठिपका मोठा करायचीही सोय होती. आम्ही एकेक ठिपका वाटाण्याएवढा केला आणि पोपट दिसला, सबंध, हिरवा, पोटापर्यंत.

एका शनिवारी दुपारी, संस्था सुटल्यावर, शेट्ये आक्कांना रिक्षाने घेऊन आले. बारकी मूर्ती, पाठीत वाकलेली, शेट्यांच्या दंडाला धरून. चपला बाहेर काढल्या, आत आल्यावर एसीच्या गारव्याने शहारल्या. शेट्यांनी खिडक्यांवर पडदे ओढले, दिवा बंद केला आणि यंत्राला पुस्तक वाचून दाखवायला लागले. आक्का मला म्हणाल्या, "घरीपण असाच. पेपर वाचतो तो निविदांसकट. एक ओळ सोडत नाय. मला कळत नाय असं वाटतं त्याला."

पोपट वरून खाली उमटत गेला. आक्का पुढे झाल्या, नाक काचेला लागेल इतक्या.  त्यांनी बोट काचेवर ठेवलंन आणि हळूहळू खाली आणलंन.

"चोचपण हिरवीच झाली रे."

"लाल नाय त्यात, आक्का."

"असू दे."

मला वाटलं, जमलं. शेट्ये मात्र तसेच उभे होते. पडदा हिरवा हे त्यांनी घरी दहादा सांगितलं असणार, आणि आक्कांचं 'दिसतं रे' कसं असतं हे त्यांना माहीत होतं. बोट खालच्या कडेला जाऊन थांबलं. आक्का स्टुलावर बसल्या, हात मांडीवर घेतलेन आणि विचारलंन, "येतानाची ओळ होती ना?"

"येतानाची."

"घे तर. पाच सोडा. दोन भरा. एक सोडा. तीन भरा."

ओटीवरून आळीला ऐकू जाईल असा तो आवाज. शेट्ये टाइप करत गेले. ओळ संपल्यावर त्यांनी पहिल्या ओळीतली उंची एकाने वाढवली आणि पोपट पुन्हा वरून उमटायला लागला. आक्का परत काचेपाशी वाकल्या. नव्या ओळीवरून बोट फिरलं, मधेच अडलं, एक घर मागे आलं.

"हितं चुकलास," त्या म्हणाल्या. "एक घर पुढे भरलंयस. उसव ते."

इतक्या महिन्यांत शेट्यांनी एक ठिपका चुकवला नव्हता. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला कळलं की ते मुद्दाम चुकले होते. चष्मा कपाळावर चढवलेला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. कळ सापडत नसल्यासारखी बोटं कीबोर्डवर इकडेतिकडे फिरत होती.

"उसवतो हां, आक्का," ते म्हणाले. "सावकाश सांग. घाई काय नाय."