दोनशे कन्वर्जन

सहा सेकंद! फक्त सहा सेकंद द्या मले, अन् जगातली कोणतीही गोष्ट मी कोणालेही पटवून दाखवते. हा माझा धंदाच आहे. लोक मोबाईलवर अंगठा सरकवत बसले असते, त्या अंगठ्याले मी जागच्या जागी थांबवते. भिलाईत डिजिटल मार्केटिंगमध्ये माझ्यासारखी पोट्टी दुसरी नाही, असं आमच्या रायपूरच्या खुशबू मॅडम स्वतः म्हणाल्या होत्या. (पगारवाढीचा विषय निघाला तेव्हा नाही. त्याच्या आधी.)

फक्त एका माणसाले मी दोन वर्षांत काहीच समजावू शकली नाही. तो माणूस म्हणजे माझा बाप.

आमचे बाबा, प्रेमानंद, पोरवयापासून स्टील प्लांटमध्ये. त्यायच्या हिशोबानं नोकरी म्हणजे गेट पास, हेल्मेट अन् शिफ्ट. मी सेक्टर 10 च्या क्वार्टरमध्ये मागच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसते, म्हणजे मी रिकामटेकडी.

"आम्रपाली, तुझ्या कंपनीचं गेट कुठं आहे?"

"बाबा, ऑनलाइन काम आहे. गेट नसते."

"गेट नाही, तं नोकरी कशाची?"

शेवटी बाबानं निकाल देऊन टाकला. "हा महिना पाहतो. मंग गुमान दुर्गले कोचिंगले जाचं अन् रेल्वेची परीक्षा द्याची!" अन् त्याच महिन्यात खुशबू मॅडमचा फोन. "आम्रपाली, दो सौ कन्वर्जन ले आओ, रायपुर ऑफिस में परमानेंट!" दोनशे झाले तं रायपूर, नाही झाले तं रेल्वे. माझा जीव असा मधात लटकून राहिला होता.

आता कन्वर्जन म्हणजे काय, ते तुमाले सांगून ठेवते. माणसानं आपली जाहिरात पाहिली, बटन दाबलं अन् वस्तू मागवली, की झालं एक कन्वर्जन. बस! एवढंच मी घरी सांगून ठेवलं असतं, तं पुढचं रामायण घडलंच नसतं.

पण सांगू कशी? वस्तूच तशी होती. तांब्याचा पिरॅमिड! घराच्या ईशान्य कोपऱ्यात ठेवला की वास्तुदोष पळते म्हणे. अन् आमचं घर कोणतं? आजोबा छप्पन साली नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आलेले, बाबा विहार कमिटीचे सेक्रेटरी. शेजाऱ्यानं वास्तूपायी बेसिनची दिशा बदलली, तं बाबानं त्याले फाटकात उभं करून दीड तास विज्ञान सांगितलं होतं. तो माणूस अजून बाबा दिसले की सायकल वळवते. म्हणून घरी मी नुसतं "कंपनीचं काम" म्हणून मोकळी व्हायची.

एका दुपारी मॅडमचा फोन आला. लॅपटॉप वायफायवर चालते, पण आमच्या घरी फोनचं नेटवर्क फक्त फाटकापाशी येते, अन् तिथं भी ओरडूनच बोला लागते. मी ओरडली.

"मैडम, एक सौ अस्सी कन्वर्जन हो गए! हाँ, ज़्यादातर औरतें हैं। नहीं नहीं, कोई दबाव नहीं, सब अपनी मर्ज़ी से आ रहे हैं! भिलाई-3 से तो पूरा मोहल्ला आ गया!"

फोन ठेवून वळते, तं समोर जानराव आजोबा. विहाराचे अध्यक्ष, रेल्वेतून रिटायर झालेले, वय ऐंशीच्या वर. छत्री हातातच राहिली होती अन् तोंड उघडं.

"पोरी, कन्वर्जन करून राहिली का तू?"

"हो, आजोबा!"

"एकटी?"

"एकटीच. घरात बसून."

"अन् लोक तयार होते?"

"होते ना! आधी बिचकते. मंग एकानं केलं, की त्याचं पाहून बाजूचा करते."

"असंच असते." आजोबायचा आवाज जड झाला. "आमच्या वेळेस बी असंच झालं होतं."

मले वाटलं, आजोबायचं कधीकाळी दुकान असन!

"बाबाले नका सांगू हं," मी म्हटलं. "दोनशे झाले की मीच सांगीन."

त्यायनं छातीवर हात ठेवला. "माह्या तोंडातून एक शब्द निघनार नाही!"

शब्द नाहीच निघाला. भाषण निघालं, अन् ते घरोघरी झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले, तं बाबा माझ्या उशाशी चहाचा कप घेऊन उभे! जन्मात कधी या माणसानं स्वतःचा कप उचलून मोरीत ठेवला नव्हता. मी घाबरून उठून बसली.

"काय झालं? कोणी गेलं का?"

"काही नाही. तू काम कर. पंख्याचा आवाज येते का तुले? नवीन आणू का?"

संध्याकाळी मटण. मंगळवारी! ताटात नळी मले. मी मनातल्या मनात म्हटलं, आम्रपाली, जिंकलीस तू! शेवटी या माणसाले डिजिटल मार्केटिंग समजलं!

"किती झाले आज?" बाबानं हळूच विचारलं.

"एकशे नव्वद."

"सगळ्या जातीचे येते का?"

"बाबा, आमी जात विचारतच नाही."

बाबाचा घास हातात राहिला. "ऐकलं का, रुक्मा? जात विचारत नाही म्हणे!" डोळे भरून आले त्यायचे. आई, म्हणजे रुक्मा, खाली मान घालून भाकर वाढत होती. मले वाटलं, तिले हसू येऊन राहिलं. पण चुलीपुढं माणसाचं तोंड कसंही दिसते.

"अन् कोणी उलटते का मंग?"

"उलटते ना. दहातले दोन तं उलटतेच. तशी आमची सूटच आहे, नाही पटलं तं वापस."

बाबानं ताट बाजूले सारलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "सूट द्यालाच पाहिजे. जबरदस्तीनं आलेला मानूस टिकत नाही." अन् मले वाटलं, हा माणूस मार्केटिंगमध्ये असता तं कुठल्या कुठं गेला असता!

रविवारी सकाळी आई म्हणाली, "पांढरी साडी नेस, वंदनेले जाचं आहे." मी नेसली. आकडा दोन दिवसांपासून एकशे नव्व्याण्णववर अडकला होता अन् महिन्याचा शेवटचा दिवस. एकच पाहिजे होता मले, फक्त एक! मोबाईल मुठीत घट्ट धरून विहाराच्या फाटकाशी पोचली, अन् वर पाहते तं फ्लेक्स. त्यावर माझा फोटो, तोही दहावीच्या हॉल तिकिटाचा! खाली लिहिलं होतं: "घरबसल्या एकशे नव्व्याण्णव जणांना धम्माच्या मार्गावर आणणाऱ्या भिलाईच्या कन्येचा जाहीर सत्कार."

धम्माच्या मार्गावर? एकशे नव्व्याण्णव? कन्वर्जन!

अव माय! पायाखालची जमीनच सरकली. आजोबायचं दुकान, बाबाचा चहा, मंगळवारचं मटण, सगळं एका झटक्यात उलगडलं. जाहिरातीतल्या एकेका शब्दापायी मी रात्रंदिवस डोकं लावते, अन् आमच्या घरात या शब्दाचा अर्थ काय होते, हे मलेच सुचलं नाही!

"बाबा, थोडं बोलाचं होतं."

"स्टेजवर बोल!" बाबा नवा शर्ट घालून इकडून तिकडं धावून राहिले होते.

हॉल गच्च भरला होता. जानराव आजोबा माईकवर आले. "आमच्या टायमाले एका मानसाले समजवाले सहा-सहा महिने लागे. हे पोट्टी बटनावर करते! सांग पोरी, कसं करते तू?"

माईक माझ्या हातात. आता सांगावं का नाही? हॉलमध्ये एवढी माणसं, शाल तयार, बाबा पहिल्या रांगेत. मी आपली पळवाट धरली. धंद्यातलं जे खरं होतं, तेच सांगितलं.

"आधी... आधी समोरच्याचं दुःख ओळखाचं."

"वा!" आजोबा.

"मंग त्या दुःखाले काहीतरी कारण आहे, हे त्याले दाखवाचं."

"वा, वा!"

"मंग यावर उपाय आहे म्हणून सांगाचं. अन् शेवटी... तो उपाय कसा मिळवाचा, तो रस्ता."

"चार आर्यसत्य!" आजोबा ओरडले. "जशीच्या तशी!" अन् टाळ्या अशा वाजल्या की थांबेचना. इतका टाळ्यांचा पाऊस माझ्या कोणत्याच प्रेझेंटेशनले पडला नव्हता!

मंग बाबानं माईक घेतला. "माह्या बापानं छप्पन साली चिखलातून पायी जाऊन दीक्षा घेतली. मी प्लांटमध्ये राहिलो, माह्याच्यानं काही झालं नाही. अन् या पोट्टीले मी रिकामी म्हटलं. रोज म्हटलं. आज सगळ्यायच्या समोर मी तिची माफी मागतो."

अन् आमचे बाबा, ज्यायनं जन्मात कोणाची माफी मागितली नव्हती, त्यायनं माझ्यापुढं हात जोडले. खोट्या मानाचा चहा पिऊन घेतला, मटणही खाल्लं, पण हे मले पचणार नव्हतं.

"बाबा, नका!" मी माईक हिसकलाच. "कन्वर्जन म्हणजे धर्मांतर नाही. कन्वर्जन म्हणजे खरेदी. मी पिरॅमिड विकते."

मागच्या रांगेतले लोक उठून पाहू लागले.

"पिरॅमिड?" बाबानं विचारलं. "वास्तूचा?"

"तांब्याचा. ईशान्य कोपऱ्यात ठेवाचा," मी म्हणून गेली. सवय! "म्हणजे तुमी नका ठेवू."

बाबा हळूच खुर्चीवर बसले. जानराव आजोबायनं हातातल्या शालीकडं पाहिलं, मंग माझ्याकडं, मंग पुन्हा शालीकडं. मले वाटलं, आता रायपूर भी गेलं अन् घर भी. आता जाऊ कुठं मी? रडूच फुटाले आलं.

अन् माझा मोबाईल वाजला. टिंग! ऑर्डर आली की वाजते तशी.

"झाले का दोनशे?" आजोबायच्या तोंडून निघून गेलं बिचाऱ्यायच्या.

मी पाहिलं. नाव: रुक्मा. पत्ता: आमचंच क्वार्टर, सेक्टर 10.

बायकायच्या रांगेत आई उभी राहिली. पांढरी साडी, डोक्यावर पदर, हातात फोन.

"रुक्मा!" बाबा ओरडले. "विहारात बसून वास्तूचा पिरॅमिड?"

"मंग?" आई म्हणाली. "पोट्टीचा एकच कमी पडून राहिला होता. दुपारभर तिच्या बाजूले बसून मी काय फक्त मटरच सोलते का? मले सगळं माहीत आहे. ते डबडं घेऊन मले काय कराचं आहे? माह्या पोट्टीची नोकरी लागली पाहिजे, एवढंच पाहिजे मले!"

"अन् पैसे?"

"पैसे कुठं दिले मी? वस्तू दारात आल्यावर द्याचे असते. आली की दारातूनच वापस!"

बायका खुसखुसू लागल्या. जानराव आजोबायनं आधी खोकला काढला, पण ते हसणंच होतं. बाबा आईकडं पाहतच राहिले. "इतके वर्षं मी लोकायले समजावून राहिलो," ते म्हणाले, "अन् घरातलं पहिलं कन्वर्जन हे!"

मंग हॉल असा हसला की बस. शाल आणलेलीच होती, ती आजोबायनं आईले दिली.

घरी येताना बाबा म्हणाले, "जा रायपूरले. एवढ्या लोकायले डबडं विकलं तुनं, म्हणजे अक्कल आहे. पण तो पिरॅमिड सोडाचा. शब्द दे." मी शब्द दिला, अन् रस्त्याच्या मधात रडली, खरं सांगते.

अन् शब्द पाळला भी! रायपूरले पहिल्याच दिवशी मॅडमले सांगितलं, पिरॅमिड मी विकणार नाही. मॅडम म्हणाल्या, "कोई बात नहीं," अन् मले दुसरा क्लायंट दिला. राशीचे खडे.

त्याच संध्याकाळी बाबाचा फोन. "सोडला का पिरॅमिड?"

"सोडला, बाबा!"

"शाबास! आता काय विकते?"

"खडे."

"कसले खडे?"

"ते... जमिनीतून खणून काढते ना, ते."

"खणून काढते?" बाबाचा आवाज खुलला. "मंग ठीक आहे," म्हणाले.

मागच्या आठवड्यात घरी गेली, तं अख्खं सेक्टर 10 माझं अभिनंदन करून राहिलं होतं. बाबानं प्लांटच्या गेटवर सगळ्यायले पेढे वाटून सांगितलं होतं, "पोट्टी माईन्समध्ये लागली!"