चार्जर बोलेना

शशिधरनं चार्जरच्या वरचा पत्रा काढून बाजूला ठेवला आणि आत नीट बघायच्या आधीच जाहीर करून टाकलं, "काय न्हाय ह्यात. चहा व्हायच्या आत गाडी पळत्या बघ."

प्रसेनजीतला तेवढ्यानंच हायसं वाटलं. पन्हाळ्यावरच्या ज्या हॉटेलात तो मॅनेजर होता, तिथल्या मालकांनी परदेशात कुठंतरी बघून हौसेनं एक गोल्फ कार्ट आणली होती. पन्हाळ्यावर गोल्फ खेळताना आजवर कुणी कुणाला पाहिलं नव्हतं. पण गाडी देखणी होती. बॅटरीवर चालायची, आवाज करायची नाही, वर झालरीचं छत. पाहुण्यांना तिच्यात बसवायचं, बागेतल्या चिंचोळ्या उतरत्या वाटेनं कड्याच्या टोकापर्यंत न्यायचं आणि मावळता सूर्य दाखवून परत आणायचं, एवढंच तिचं काम. पावसाळाभर ती ताडपत्रीखाली पडून होती. आज, सप्टेंबरातल्या रविवारी, ताडपत्री काढून चार्जर जोडला, तर तो गप्प. एरवी जोडल्याबरोबर 'टक्' करायचा आणि मग भजनाला बसल्यासारखा गुणगुणत राहायचा. आज टक् नाही की गुणगुण नाही.

दुसऱ्या कुठल्या दिवशी चाललं असतं, पण आज अण्णा आले होते. अण्णासो म्हणजे प्रसेनजीतचे वडील. उभी हयात त्यांनी एस.टी. चालवण्यात काढली, त्यातली बरीचशी मलकापूरच्या रस्त्यावर. गुडघे गेल्यापासून उचगावच्या घराचा उंबरा काही त्यांनी ओलांडला नव्हता. उद्या सकाळी थोरली लेक त्यांना सोलापूरला घेऊन जाणार होती, आणि तिथून ते परत येतील असं कुणी म्हणत नव्हतं. लेकाकडे कधी काही न मागणारा हा माणूस परवा जेवताना म्हणाला होता, "तुझ्या त्या हॉटेलाच्या टोकावरनं आमचा रस्ता दिसतोय म्हणं. जाताना एकदा दाव की."

म्हणून प्रसेनजीतनं त्यांना जीपमधून वर आणलं होतं. आता ते शेडच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीत बसून शशिधरकडं कौतुकानं बघत होते. शशिधर त्यांच्याच गल्लीतला, प्रसेनजीतच्या वर्गातला. उचगावात त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आणि बिघडलेली वस्तू दिसली की उघडल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे.

"शशी, बोलला व्हय रं त्यो?" अण्णांनी विचारलं.

"बोलतोय, अण्णा. जरा घसा धरलाय त्याचा."

शशिधरनं प्लग तपासला, वायर तपासली, फ्यूज काढून उन्हात धरला. सगळं ठीक. मग त्याला चेव आला. ट्रान्सफॉर्मर सुटा झाला, आतली पट्टी बाहेर आली, आणि बघता बघता शेडच्या फरशीवर बाजार भरल्यागत सगळं मांडलं गेलं.

प्रसेनजीतनं तेवढ्यात पुण्याला, गाडी विकणाऱ्या माणसाला फोन लावला. पलीकडच्या माणसानं शांतपणे विचारलं, "बॅटऱ्यांचं व्होल्टेज मोजलंत का?"

"शशा, बॅटऱ्या मोजल्यास काय म्हणतोय."

शशिधरला हे लागलं. चार्जर दुरुस्त करणाऱ्याला बॅटरीचं विचारायचं, म्हणजे डोकं दुखतंय म्हणून आलेल्याचा पाय बघण्यातला प्रकार. "मोजल्यात म्हणावं," तो म्हणाला, "आणि ठेव म्हणावं फोन. पुण्यात बसून आमाला शिकवालाय."

मोजल्या नव्हत्या. मीटर पिशवीत होता, पिशवी हाताच्या अंतरावर होती. पण एकदा मोजल्यात म्हटल्यावर आता सगळ्यांदेखत मोजायच्या कशा?

दुपारी जेवणं झाली. अण्णांनी झुणका-भाकरी शेडमध्येच खाल्ली. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, बागेच्या टोकाकडं बोट दाखवून माळी केरबा सांगत होता, "आज लई नजर पोचत्या. खालच्या यस्ट्या मोजून घ्याव्यात अशा दिसाल्यात." अण्णा खुर्चीत पुढं सरकून बसले.

साडेपाचच्या सुमारास शशिधरनं सगळं परत जोडलं. "आता बघा," तो म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

चार्जर बोलला. 'टक्' नव्हे, 'फाट्' म्हणाला. निळा जाळ झाला, जळक्या रबराचा वास आला आणि शेडमधला दिवा गेला. पाठोपाठ सगळ्या हॉटेलातली वीज गेली. दोन वायरी इकडच्या तिकडं लागल्या होत्या.

मग एकेक ऐकू यायला लागलं. पाण्याची मोटर थांबली. स्वयंपाकघरातून धोंडुबाईचा आवाज आला, "आरं, मिक्सरात खोबरं अर्धं हाय माजं!" आणि वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत एक पाहुणे टॉवेल गुंडाळून, अंगभर साबणाच्या फेसासह येऊन उभे राहिले. "मॅनेजर कोण आहे इथं?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

प्रसेनजीत बादल्या घेऊन वर धावला. शशिधर मेन स्विचकडं धावला. तिथं नवा फ्यूज घालेपर्यंत गॅलरीतल्या पाहुण्यांनी आपलं भाडं, मालकांची ओळख आणि मराठी माणूस धंद्यात मागं का, या तिन्ही विषयांवर बोलून घेतलं होतं. धोंडुबाईनं पाटा-वरवंटा बाहेर काढला आणि वाटताना ज्या शिव्या दिल्या, त्या बहुतेक शशिधरच्या नावानं होत्या.

वीज आली. चार्जर मात्र गेला तो गेलाच. शशिधर शेडमध्ये परतला, तेव्हा तिथं एकटे अण्णा होते. दुसरं काही सुचेना म्हणून त्यानं पिशवीतला मीटर काढला आणि बॅटऱ्यांना लावला.

काटा जागचा हलला नाही.

त्यानं दुसरी बघितली, तिसरी बघितली. बॅटऱ्या पावसाळाभर पडून इतक्या उतरल्या होत्या की समोर बॅटरी आहे हेच चार्जरला कळत नव्हतं. म्हणून तो गप्प होता. सकाळी हा मीटर लावला असता, जीपच्या बॅटरीवरून एकेकीला थोडी ताकद दिली असती, तर चार्जरनं आपण होऊन 'टक्' केलं असतं. त्याला काही झालंच नव्हतं. जे झालं ते शशिधर आल्यानंतर.

"घावलं काय, शशी?" अण्णांनी विचारलं.

"घावलं, अण्णा," शशिधर म्हणाला.

प्रसेनजीत येऊन दारात उभा राहिला. त्यानं मीटरचा काटा बघितला, शशिधरचं तोंड बघितलं. चिडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "अण्णा, आज काय जमंल असं वाटत न्हाय."

"ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "त्यात काय एवढं?"

तेवढ्यात केरबा आला. हिरवळीवर रात्रीच्या जेवणाच्या खुर्च्या मांडायच्या होत्या आणि एक कमी पडत होती. अण्णा बसलेत बघून तो घुटमळला. "सायेब, ही खुर्ची पायजे हुती. म्हातारबांस्नी उठाय जमत नसंल तर खुर्चीसकट उचलून न्हेऊ काय?"

प्रसेनजीत त्या खुर्चीकडं बघतच राहिला. अण्णांचं वजन ते काय! अंगात नुसती हाडं आणि एस.टी.चा जुना खाकी शर्ट. सकाळपासून शेडमध्ये येऊन-जाऊन चार माणसं होतीच.

"उचल," प्रसेनजीत म्हणाला. "पण हिरवळीवर न्हाय. टोकावर."

एका बाजूला प्रसेनजीत आणि शशिधर, दुसऱ्या बाजूला केरबा आणि एक वेटर. अण्णा वरातीतल्या नवऱ्यागत मधोमध. "सावकास रं, वळणाला हारन द्या!" ते ओरडत होते. चौघं जवळजवळ पळतच निघाले. वाट संपायला काही वेळ लागला नाही.

पण धुकं त्यांच्या आधी पोचलं होतं. दरीतून वर चढत ते नेमकं तेव्हाच कड्याला टेकलं. समोर नुसता पांढरा पडदा. रस्ता नाही, शेतं नाहीत, सूर्य कुठं मावळतोय त्याचाही पत्ता नाही.

चौघांनी खुर्ची टेकवली आणि कुणी कुणाकडं बघेना. खालून कुठूनतरी चढाला लागलेल्या एस.टी.ची घरघर आली. अण्णांनी कान टवकारला.

"गेर टाक की, गाढवा," ते धुक्याकडं बघत पुटपुटले. "इंजान रडालंय." खाली गिअर पडल्याचा आवाज आला. "हां. आता जा." आणि घरघर विरेपर्यंत ते तसेच बसून राहिले.

सकाळी अण्णांना निरोप द्यायला शशिधर उचगावात त्यांच्या दारी गेला, तेव्हा अंगणात गल्ली जमली होती. लेकीची गाडी उभी होती आणि अण्णा रंगात येऊन सांगत होते, "सगळा रस्ता दिसतोय तिथनं. वाघबिळाचं वळण दिसतंय, यस्ट्या दिसत्यात. ह्या शशीनं दावलं मला. काल दिसभर राबला माझ्यापायी."

प्रसेनजीत गाडीत पिशव्या ठेवत होता. त्यानं मान वर केली नाही. शशिधरला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

"शशी, हिकडं ये," अण्णांनी मांडीवरचा ट्रान्झिस्टर पुढं केला. "ह्यो गप झालाय. जाता जाता बघ जरा."

शशिधरनं तो हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. मग हळूच विचारलं, "अण्णा, सेल कधी बदललंतासा?"

कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यानं पळत जाऊन सेल आणले, घातले. ट्रान्झिस्टर लगेच बोलायला लागला. गल्लीनं माना डोलावल्या. अण्णांचा चेहरा मात्र उतरला.

"एवढंच व्हय?" ते म्हणाले. "मला वाटलं, उघडशील. तेवढंच जरा बसला असतास माझ्यापाशी."

लेकीनं हाक मारली. गाडीचं दार लागलं, आणि ट्रान्झिस्टरवरच्या सकाळच्या बातम्या ऐकू येत येत वळणाआड गेल्या.