दौलतभाऊंच्या मनीचा श्वास

शेलूबाजारात बॉनेट न उघडता जीपचा आजार सांगणारा एकच माणूस, आमचे शेजारी दौलतभाऊ मिस्त्री. चालू गाडीवर पंजा ठेवायचा, डोळे मिटायचे, मान तिरकी करायची आणि जाहीर करायचं, "बेरिंग गेली! आवाज खोटं नाही बोलत." माणसांनाही तोच न्याय. मला एकदा सलग चार शिंका आल्या, तर म्हणाले, "सर, एअर फिल्टर बदला लागते तुमचा."

वहिनी वारल्या त्या वर्षी मनी मांजर आली. कुठल्याशा जीपच्या सीटखाली बसून आली आणि परत गेलीच नाही. दौलतभाऊ तिच्याशी गिऱ्हाइकासारखे अदबीनं बोलत. "बसा, मनीबाई. दूध तापून राह्यलं."

मागच्या थंडीत मनी पोट जमिनीला टेकवून, मान पुढं ताणून खोकायला लागली. भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू यायचं. पंधरा दिवस वाट पाहून मी गॅरेजात गेलो आणि ओरडून सांगितलं. तिथल्या खडखडाटात सगळेच ओरडून बोलतात. भाऊ दचकले. मग हसले, "केस गेले असतीन पोटात. सायलेन्सर चोक झालं."

दोन दिवसांनी सकाळीच दारात उभे. पिशवीतून मनीचं डोकं बाहेर. "सर, चाला वाशिमले. हिच्या बरगड्या लय जोरानं हालून राह्यल्या."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तीन दिवसांची विष्ठा आणायला सांगितली. भाऊंनी ती पेढ्यांच्या डब्यात नेली. जीपमध्ये एका बाईनं कौतुकानं विचारलं, "पेढे कायचे जी?" भाऊंनी झाकण घट्ट दाबलं. "डॉक्टरसाठी हायेत."

"फुप्फुसात जंत आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोगलगाय खाल्लेला उंदीर नाहीतर पाल हिनं खाल्ली असेल. औषधानं बरी होईल, पण काही दिवस घरातच ठेवा. एवढी खोकत होती, तुम्हाला ऐकू आलं नाही?"

भाऊंनी बाईंच्या ओठांकडं पाहिलं, मग खाली.

"नाही आलं. दोन वर्सांपासून मले ऐकूच येत नाही बराबर. गाडीची थरथर हाताले समजते, त्याच्यावर निभते. हे माह्या छातीवर झोपते, म्हनून हिचं समजलं. नाहीतर मेली असती बिचारी."

मी इतकी वर्षं शेजारी राहतो. मलाही कळलं नव्हतं.

परतताना ते म्हणाले, "सर, गावात सांगू नोका. बहिऱ्या मिस्तऱ्याकडं गाडी कोन आनीन? अन् एक काम करा. संध्याकाळी येऊन हिची छाती ऐकत जा."

मी रोज गेलो. मनीच्या कुशीला कान लावायचो, भाऊ माझ्या चेहऱ्याकडं एकटक पाहायचे. आधी आत जुन्या भात्यासारखी घरघर होती. औषध सुरू झाल्यावर खोकला दोन दिवस वाढला, तेव्हा भाऊ जेवले नाहीत. मग घरघर उतरत गेली. पुन्हा तपासणी झाली, जंत नव्हते.

त्या संध्याकाळी मी कान लावला आणि मोठ्यानं म्हणालो, "भाऊ, श्वास एकदम मोकळा! आता मी नाही आलो तरी चालेल."

त्यांनी मान हलवली. चुलीवर दोन कप चहा आधीच ठेवलेला होता. तो गाळता गाळता, माझ्याकडं न पाहता म्हणाले, "तरीबी उद्या येजा. तिले सवय झाली तुमची."

मनी माझ्याकडं पाठ करून गाढ झोपली होती.