गवतावरचं चाक

मंगळवारची सबंध रात्र मेरिनला झोप लागली नाही, कारण एक चाक तिच्या डोक्यात फिरत होतं. म्हणजे खरं तर फिरत नव्हतं, तीच तर अडचण होती. ते वीस इंची चाक आता डोक्यात काय, सायकलच्या चिमट्यात काय, कुठेच फिरण्यासारखं उरलं नव्हतं. तळलेल्या पापडासारखं ते दोन बाजूंनी वर आणि दोन बाजूंनी खाली वळलं होतं, आणि त्याला हे वळण लावणारी बाई स्वतः मेरिन होती.

झालं होतं ते एवढंच, की सकाळी टिलीला शाळेत सोडून आल्यावर तिला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, उशीर झाला होता, तिने गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि मागून कर्रर्र असा आवाज आला. (गाडीला मागे कॅमेरा आहे. त्यात लाल काहीतरी दिसतही होतं. मेरिनला वाटलं, नवीन गाडी आहे, असेल काहीतरी सोय.)

टिली सात वर्षांची. सायकल तिची. आता कुठलीही साधी आई संध्याकाळी म्हणाली असती, "बाळा, माझ्याकडून चूक झाली." पण मेरिनची पंचाईत अशी, की आदल्याच रविवारी टिलीने निळा वाडगा फोडून त्याचे तुकडे कुंडीतल्या मातीत पुरले होते, आणि मेरिनने तिला सोफ्यावर बसवून वीस मिनिटं समजावलं होतं. मुलं कशी वाढवावीत यावरची चार पुस्तकं वाचलेल्या बाईचं समजावणं ते! "चूक कोणाचीही होते. पण ती लपवली ना, की माणसांचा आपल्यावरचा विश्वास जातो." टिली एकटक बघत ऐकत होती. शेवटी तिने विचारलं होतं, "तू कधीच लपवत नाहीस?" आणि मेरिन म्हणाली होती, "कधीच नाही."

तेव्हा मंगळवारी मेरिनने काय केलं, तर सायकल मागच्या शेडमध्ये नेऊन ताडपत्रीखाली लपवली.

"आई, माझी सायकल कुठाय?"

"सर्व्हिसिंगला दिलीय."

"तिला काय झालंय?"

"काही नाही गं. वय होतं ना त्यांचंही."

"आठ महिने?"

त्यातून शुक्रवारी शाळेचा सायकल-दिवस. सगळा वर्ग कोपऱ्यावर जमून ओळीने शाळेत जाणार, आणि ओळीच्या सर्वांत पुढे टिली. (निवड चिठ्ठी टाकून झाली होती, टिलीच्या मते ती गुणवत्तेवर झाली होती.)

बुधवारी मेरिनने आधी घरगुती उपाय केला. एका व्हिडिओत एक दाढीवाला माणूस वाकडं चाक पायरीच्या कडेवर ठेवतो, गुडघ्याने एकदा दाबतो आणि चाक सरळ होतं. मेरिनने गुडघ्याने दाबून पाहिलं, मग दोन्ही हातांनी, मग बूट घालून त्यावर उडीच मारली. चाक जसं होतं तसं राहिलं. पायरीचा मात्र टवका उडाला.

मग ती चाक काढून फादीच्या दुकानात गेली. फादी वीस वर्षं कोबर्ग या त्यांच्या उपनगरातल्या सायकली दुरुस्त करतोय. त्याने चाक स्टँडवर चढवलं, हाताने फिरवलं. ते पाव वेढा फिरलं आणि अडलं.

"याचा आउट काढून सरळ करून द्याल ना?" मेरिनने विचारलं.

"ताई, आउट दोनचार मिलिमीटरचा असला तर काढतात. हा शेजारच्या दुकानात चाललाय. झालं कसं?"

"पडली सायकल."

"कुठून? विमानातून?"

"जरा जोरात पडली."

"असं होय." फादीने रिमवरून बोट फिरवलं. "आणि पडता पडता हिच्यावर गाडीच्या टायरची नक्षीही उमटली."

मेरिनने दुकानातल्या हेल्मेटांमध्ये अचानक फार रस घेतला.

नवीन चाक यायला दहा दिवस लागणार होते. मेरिनचा चेहरा बघून फादीला दया आली. "जाड कचऱ्याचा आठवडा चालू आहे. जरा फिरून बघा. पोरांच्या सायकली ढिगाने टाकतात लोक."

हे मेरिनला कसं सुचलं नाही! वर्षातून एकदा कौन्सिलचा ट्रक घरातला मोठा कचरा न्यायला येतो, आणि त्याच्या आधी आठवडाभर अख्खी वस्ती फाटकापुढच्या गवताच्या पट्टीवर आपला संसार मांडून ठेवते: गाद्या, पंखे, एका पायाने अधू खुर्च्या. त्यातलं निम्मं शेजारीपाजारी उचलून नेतात आणि पुढच्या वर्षी आपापल्या गवतावर ठेवतात. मेरिनच्या बैठकीतलं पुस्तकांचं कपाट असंच तीन घरी नांदून आलं होतं. पण ते कॅलमने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, उचललं होतं. मेरिनने आजवर दुसऱ्याच्या गवतावरची काडीसुद्धा उचलली नव्हती. लोक बघतील, ही तिची भीती.

म्हणून ती पलीकडच्या नेव्हकडे सल्ला मागायला गेली. नेव्ह सत्तरीचा. त्याच्या तिन्ही शेड जाड कचऱ्यातून भरलेल्या. चौथी बांधायला घेतलेली, तीही त्याच मालातून.

"नेव्ह, न विचारता घेतलं तर चालतं का?"

"अगं पोरी, विचारतेस कसली! विचारलंस तर त्यांना वाटेल वस्तू चांगली आहे, ठेवूया. एकच नियम लक्षात ठेव. सिमेंटवर असेल ते मालकाचं, गवतावर असेल ते देवाचं."

"आणि अर्धं गवतावर, अर्धं सिमेंटवर असेल तर?"

"तर पायाने जरा ढकलायचं," असं म्हणून नेव्हने तिच्या हातात पंधरा नंबरचा पाना ठेवला.

गुरुवारी साडेचारला, टिली कॅलमबरोबर पोहायला गेल्यावर, मेरिन बाहेर पडली. काळा गॉगल लावून, ताशी दहाच्या वेगाने ती गल्ल्या फिरू लागली. (या वेगाने आणि या वेशात ती किती निष्पाप दिसत होती, हे सांगायला नको.) मागच्याच गल्लीत, एका फाटक्या सोफ्याशेजारी, गवतावर आडवी पडलेली एक हिरवी सायकल तिला दिसली. छोटी. वीस इंची. पुढचं चाक असं सरळ, की बघून डोळ्यांत पाणी यावं.

मेरिन खाली उतरली. सायकल गवतावर होती का? होती. पूर्ण? पूर्ण. तिने वाकून चारी बाजूंनी खात्री केली आणि नटाला पाना लावला. पहिला नट सुटतोय तोच मागून आवाज आला.

"घेऊन जा, घेऊन जा!"

हातात चहाचा मग घेतलेला एक म्हातारा फाटकात उभा होता.

"मला… फक्त चाक हवं होतं," मेरिन म्हणाली.

"सगळं ने गं! माझ्या पाठीमागचा व्याप कमी होईल. हा दिवा बघ, चालतो अजून. म्हणजे हलवला की चालतो. आणि ही मच्छरदाणी ने."

मेरिनला नाही म्हणता येत नाही. चाक, दिवा, मच्छरदाणी आणि बशांचा एक संच घेऊन ती घरी आली. चाक टिलीच्या सायकलच्या चिमट्यात असं बसलं, जणू दोघांचं लग्न ठरलेलंच होतं. मेरिनने ते फिरवलं. ते फिरलं! ती शेडमध्ये उभी राहून ते पाच मिनिटं नुसती फिरवत राहिली. गेल्या सात वर्षांत आईपणातली एखादी गोष्ट एवढी सरळ फिरल्याचं तिला आठवेना.

पोहून आलेली टिली सायकल बघून खूश झाली. "सर्व्हिसिंगमध्ये चाक चकाचक केलंय!" ती म्हणाली.

जेवणाआधी कॅलम फोन बघता बघता गरजला, "काय लोक असतात! ऐक. वस्तीच्या ग्रुपवर आलंय. 'आमचा आल्फी शाळेतून आला, सायकल फाटकापाशी टाकून पाव खायला आत गेला. दहा मिनिटांत बाहेर येऊन बघतो तर पुढचं चाक गायब! फक्त चाक. उद्या सायकल-दिवस आहे. पोरगं रडून रडून झोपायला आलंय.'"

"आल्फी?" टिली ओरडली. "आमच्या वर्गातला नवा आल्फी? त्याला माझ्या मागे उभं राहायचं होतं! मी हो म्हटलं होतं!"

मेरिनच्या हातातला चमचा आमटीत बुडाला. "फाटकापाशी म्हणजे," तिने हळूच विचारलं, "गवतावर?"

"कुठे का असेना! मी लिहिलंय त्यांना," कॅलम अभिमानाने म्हणाला. "असल्या माणसाला हँडलला बांधून गावभर फिरवला पाहिजे. एकवीस जणांनी अंगठा दिलाय. नेव्हचा पहिला."

मेरिनने त्याला हाताला धरून मोरीशेजारच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"तू?" दारामागून कॅलमचा आवाज फुटला. "तू चाक चोरलंस?"

"चोरलं काय! गवतावर होतं! आणि शेजारी सोफा टाकून दिलेला म्हातारा घेऊन जा म्हणाला!"

"सोफा त्याचा होता अगं! शेजाऱ्याची सायकल त्याच्या बापाची आहे का? आणि गवतावर तर आपलं कुत्रंही बसतं!"

"आता काय करू?"

"तू परत दे. मी…" कॅलमने फोन बघितला. "मी ते हँडलचं काढून टाकतो."

पण चाक परत द्यायचं तर टिलीच्या सायकलचं काढायचं, आणि काढायचं तर टिलीला सांगायचं. मेरिनने शेडकडे जाता जाता किती तरी कारणं तयार केली. फादीची चूक. दुकानात अदलाबदल. प्रत्येक कारण पहिल्यापेक्षा सोपं होतं, आणि प्रत्येकापाशी तिला सोफ्यावर बसलेली टिली दिसत होती. शेवटी ती शेडमध्ये सायकल पुसत बसलेल्या टिलीपाशी गेली आणि म्हणाली, "टिली, हे चाक आल्फीचं आहे. ते मी काढून आणलं. मला वाटलं टाकून दिलंय. चल माझ्याबरोबर."

मेरिनने नट सोडवले. टिली बघत होती. तिने चाक उचललं आणि छातीशी धरून आईच्या दोन पावलं पुढे चालू लागली. शेजारून चालली असती तर मेरिनला बरं वाटलं असतं.

दार आल्फीच्या आईने उघडलं. जोसी तिचं नाव. मेरिनने टिलीचं वाकलेलं चाक, गवत, सोफा, म्हातारा, मच्छरदाणी, सगळं एका श्वासात सांगितलं. जोसी आधी दगडासारखी उभी होती. बशांच्या संचापर्यंत येईतो ती दाराला धरून हसत होती. "त्या बशा मीच त्याला दिल्यात गेल्या वर्षी!" मागून आल्फी आला, त्याने चाक हिसकून घेतलं आणि प्रत्येक आरा मोजायला बसला.

"पण मग उद्या टिली कशावरून जाणार?" जोसी म्हणाली. "आल्फीची पायाने ढकलायची स्कूटर आहे. चाकं असली की झालं, बाई म्हणाल्यात. घेऊन जा ती."

"सगळ्यात पुढे चालेल स्कूटर?" टिलीने विचारलं.

"धावेल."

सगळं इतकं छान मिटलं, की मेरिन निघायला वळलीच होती. तेवढ्यात जोसी सहज म्हणाली, "आणि तुमचं चाक गं कशाने वाकलं?"

मेरिनने तोंड उघडलं. 'पडली' हा शब्द अगदी दातांशी तयार होता. कॅलमने तरी कुठे विचारलं होतं? कोणालाच माहीत नव्हतं. फादीला होतं, पण तो बोलणारा नव्हता. खाली टिली स्कूटरचं हँडल धरून तिच्याकडे बघत होती, रविवारी बघत होती तशीच, एकटक.

"माझ्याकडून वाकलं," मेरिन म्हणाली. तिचा आवाज भलताच बारीक निघाला. "मंगळवारी. मी गाडी मागे घेतली आणि सायकलवरूनच घातली. सर्व्हिसिंग वगैरे काही नव्हतं टिली. मी ती ताडपत्रीखाली लपवली होती. मी तुला कधीच लपवत नाही म्हणाले, आणि लपवलं. चुकलं माझं."

आल्फीचे आरे मोजायचे राहिले. टिलीने स्कूटर भिंतीला टेकवून ठेवली, आणि मेरिनला वाटलं, गेला, सात वर्षांचा विश्वास गेला, आता तो कुठल्याच गवतावर सापडायचा नाही.

मग टिलीने आईचा हात धरला, थोपटला, आणि मोठ्या समजूतदारपणे विचारलं, "आई, लहान मुलांच्या सायकलला मागे दोन छोटी छोटी चाकं असतात ना, शिकेपर्यंत… तशी गाडीला मिळतात?"